बॅनर-जाहिरातींची विकतची वर्दळ : धोके आणि दक्षता

शेतात पिकलेला अथवा घरी तयार केलेला माल कितीही उत्तम असला, तरी त्याची वार्ता गिऱ्हाइकापर्यंत पोचल्यावाचून त्याची विक्री होत नाही. याच कारणास्तव गावची दवंडी, जत्रेतील मांडव, बसस्थानकावरील फलक आणि वृत्तपत्रातील जाहिरात ही साधने समाजात दीर्घकाळ रूढ झाली. गेल्या काही वर्षांत त्यांत इंटरनेटवरील जाहिरातींची भर पडली आहे. कोकम, काजूगर वा लोणची विकणारे महिलांचे स्वयंसहायता गट, घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देणारी कुटुंबे, मानकुराद आंब्याच्या पेट्या थेट गिऱ्हाइकास पोचविणारे बागायतदार आणि लहान वृत्त-संकेतस्थळे चालविणारे तरुण अशा अनेकांनी आता स्वतःची संकेतस्थळे उघडली आहेत.

संकेतस्थळ उघडल्यानंतर काही दिवसांतच त्याच्या मालकास निरनिराळे संदेश येऊ लागतात. "अत्यल्प दरात एक लाख भेटी मिळवा", "चोवीस तासांत हजारो क्लिक, हमखास" अशा प्रकारचा त्यांतील मजकूर असतो. संदेश पाठविणाऱ्या संस्थेचे नाव कधी ऐकलेले नसते, पत्ता परदेशातील असतो किंवा नसतोच. दर मात्र इतका कमी असतो की मोह आवरणे कठीण जाते. अशा व्यवहारात प्रत्यक्षात काय विकले जाते, त्यात फसगत कोणत्या ठिकाणी होते आणि ती कशी टाळता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

बॅनर म्हणजे काय?

संकेतस्थळाच्या पानावर मजकुराच्या वर, खाली किंवा बाजूस जी चित्रमय जाहिरातपट्टी दिसते, तिला बॅनर असे म्हणतात. तिच्यावर बोट अथवा माऊस दाबल्यास, म्हणजेच क्लिक केल्यास, वाचक जाहिरातदाराच्या संकेतस्थळावर जाऊन पोचतो. या प्रकारच्या जाहिरातीचा आरंभ २७ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर झाला असे सामान्यतः मानले जाते. त्या दिवशीच्या बॅनरांपैकी एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीचा बॅनर विशेष स्मरणात राहिला. त्याचा आकार रुंदीस ४६८ व उंचीस ६० पिक्सेल एवढा होता, आणि पुढे कित्येक वर्षे हाच आकार प्रमाण म्हणून चालला.

बॅनरची किंमत मुख्यतः तीन प्रकारे आकारली जाते. पहिल्या प्रकारात बॅनर दर हजार वेळा दाखविण्यास अमुक रुपये, असा दर असतो. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक क्लिकमागे दर असतो. तिसऱ्या प्रकारात मागणी नोंदविणे अथवा नावनोंदणी करणे अशी ठरलेली कृती घडली, तरच पैसे द्यावयाचे असतात. पहिल्या दोन प्रकारांत जाहिरातदार विकत घेतो तो केवळ एक आकडा. बॅनर इतक्या वेळा दिसला, त्यावर इतके क्लिक झाले, असे त्यास कळविले जाते. तो आकडा खरा की खोटा, हाच या व्यवहाराचा कळीचा प्रश्न होय.

माप कोणाच्या हाती?

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल मांडून बसलेल्या विक्रेत्यास समोरचे गिऱ्हाईक डोळ्यांनी दिसते. बाजारात गर्दी किती आणि आपल्यापाशी थांबलेले किती, हे त्यास कोणी सांगावे लागत नाही. वृत्तपत्राच्या जाहिरातीत एवढी प्रत्यक्ष खात्री नसते. तथापि तेथेही एक व्यवस्था निर्माण झाली. वृत्तपत्राने स्वतःच आपला खप सांगावा आणि जाहिरातदाराने तो मुकाट्याने मानावा हे योग्य नव्हे, या जाणिवेतून भारतात १९४८ मध्ये ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स ही संस्था स्थापन झाली. वृत्तपत्रांच्या खपाची तपासणी करून ती प्रमाणपत्र देते. विकणारा एक आणि मोजणारा दुसरा, हे या व्यवस्थेचे मूलतत्त्व आहे.

अनोळखी जाहिरात-संस्थेकडून वर्दळ विकत घेताना नेमके हेच तत्त्व बाजूस पडते. माल तिचा, तराजू तिचा आणि वजनाची पावतीही तिचीच. अशा ठिकाणी मापात पाप शिरण्यास मुबलक वाव राहतो. शिवाय 'दिसला' या शब्दाचा अर्थही प्रत्येक जण आपापल्या सोयीने लावू शकतो. अमेरिकेतील मीडिया रेटिंग कौन्सिल या संस्थेने २०१४ मध्ये ठरविलेल्या मापानुसार, साध्या बॅनरचा किमान निम्मा भाग सलग एक सेकंद पडद्यावर आला, तरच तो पाहण्याजोगा झाला असे धरले जाते. हे माप मुळातच सौम्य आहे; परंतु अनोळखी विक्रेत्याच्या करारात तेवढ्याचाही उल्लेख बहुधा आढळत नाही.

मध्यस्थांची साखळी

जाहिरातदार आणि बॅनर दाखविणारे संकेतस्थळ यांची प्रत्यक्ष गाठ क्वचितच पडते. दोहोंच्या मध्ये ज्या संस्था काम करतात, त्यांना व्यवहारात 'अ‍ॅड नेटवर्क' असे म्हणतात. त्या अनेक संकेतस्थळांवरील मोकळी जागा एकत्र करून जाहिरातदारांना विकतात. शेतमालाच्या बाजारात अडत्या जे काम करतो, त्याच्याशी हे काम मिळतेजुळते आहे. पान उघडत असतानाच, सेकंदाच्या अल्पशा अंशात, त्या जागेचा यांत्रिक लिलावही पुष्कळदा होतो. एक नेटवर्क आपल्यापाशी पुरेशी जागा नसल्यास दुसऱ्याकडून घेते, दुसरे तिसऱ्याकडून घेते. अशा रीतीने साखळी लांबत गेली की आपला बॅनर नेमका कोठे झळकला, हे पहिल्या विक्रेत्यासही सांगता येईनासे होते.

मोठ्या संस्थांनाही याची कल्पना नसते, हे २०१७ मध्ये जेपी मॉर्गन चेस या अमेरिकन बँकेच्या अनुभवावरून स्पष्ट झाले. या बँकेच्या जाहिराती महिन्याकाठी सुमारे ४ लाख संकेतस्थळांवर जात होत्या. त्यांपैकी केवळ १२ हजारांच्या आसपास संकेतस्थळांवर जाहिरात दिसण्यापलीकडे वाचकाची काही कृती घडलेली आढळली. बँकेने ही १२ हजार स्थळे एकेक तपासून त्यांतील सुमारे ५ हजार योग्य म्हणून निवडली आणि उरलेल्या सर्वांना जाहिराती देणे थांबविले. त्यानंतरही जाहिरातीच्या फलितात फारसा फरक पडला नाही. जी बँक मोठा तज्ज्ञवर्ग पदरी बाळगू शकते, तिलाही आपल्या जाहिराती कोठे जातात हे हाती मोजूनच कळले. लहान व्यावसायिकाने यावरून योग्य तो बोध घ्यावा.

यंत्रेच गिऱ्हाईक होतात तेव्हा

खोटी वर्दळ कशी तयार केली जाते, याचे सविस्तर उदाहरण 'मेथबॉट' या नावाने ओळखल्या गेलेल्या प्रकरणात मिळते. अमेरिकेच्या न्याय विभागाने मांडलेल्या माहितीनुसार हा गैरव्यवहार सप्टेंबर २०१४ ते डिसेंबर २०१६ या काळात चालला. आरोपींनी 'मीडिया मिथेन' नावाचे एक अ‍ॅड नेटवर्क चालविले होते आणि इतर नेटवर्कशी रीतसर करार करून ते जाहिराती दाखविण्याचे पैसे घेत होते. कागदोपत्री सर्व काही सुरळीत दिसत असे. प्रत्यक्षात मात्र जाहिराती कोणत्याही माणसास दाखविल्या जात नव्हत्या.

त्यांनी अमेरिका व इतर ठिकाणच्या संगणक-केंद्रांतील १,९०० हून अधिक सर्व्हर भाड्याने घेतले होते. हे सर्व्हर बनावट संकेतस्थळे उघडीत आणि त्यांवर जाहिराती आणवीत. अशी ५,००० हून अधिक संकेतस्थळांची नावे चोरून वापरण्यात आली. सर्व्हर हा माणूसच आहे असे भासावे म्हणून त्यास माऊस हलविण्याची, पान खालीवर सरकविण्याची, चित्रफीत मध्येच थांबविण्याची, इतकेच नव्हे तर फेसबुकवर प्रवेश केल्याचे दाखविण्याचीही आज्ञावली दिलेली होती. इंटरनेटवरील प्रत्येक यंत्रास जो आकड्यांचा पत्ता असतो, तसे साडेसहा लाखांहून अधिक पत्ते भाड्याने घेऊन ते निरनिराळ्या घरांतील संगणकांचे आहेत असे भासविण्यात आले. या मार्गाने जाहिरातदारांकडून ७० लाख डॉलरहून अधिक रक्कम उकळली गेली. सूत्रधार अलेक्सांदर झुकोव्ह या रशियन नागरिकास २०१८ मध्ये बल्गेरियात अटक झाली. पुढे मे २०२१ मध्ये न्यूयॉर्क येथे तो दोषी ठरला व नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यास १० वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावण्यात आली.

याच सुमारास उघडकीस आलेल्या 'ईव्ह' नावाच्या दुसऱ्या प्रकरणात पद्धत वेगळी होती. डिसेंबर २०१५ ते ऑक्टोबर २०१८ या काळात १७ लाखांहून अधिक संगणकांत मालकांच्या नकळत घातक आज्ञावली शिरविण्यात आली. घरातील अथवा कार्यालयातील संगणकावर मालक आपले काम करीत असे आणि त्याच वेळी त्या संगणकात लपलेला ब्राउझर जाहिरातींची पाने उघडीत बसे. यंत्रे खऱ्या माणसांची असल्यामुळे ही वर्दळ ओळखणे अधिक कठीण होते. या प्रकरणातील नुकसान २ कोटी ९० लाख डॉलरहून अधिक असल्याचे न्याय विभागाने नमूद केले.

या दोन प्रकरणांतून एक गोष्ट ध्यानी येते. बनावट वर्दळ देणारा इसम 'फसविणारा' अशी पाटी लावून येत नाही. तो करारपत्र देतो, दररोज आकड्यांचा तक्ता पाठवितो आणि त्याच्या तक्त्यातील आकडे नेहमी समाधानकारक असतात.

फसवणुकीचे साधे प्रकार

प्रत्येक वेळी एवढी मोठी यंत्रणा लागतेच असे नाही. पुढील प्रकार अगदी सामान्य आहेत.

(१) बॅनर एका पिक्सेलच्या चौकटीत दाबून बसविणे, किंवा एकाच जागी अनेक बॅनर एकावर एक रचणे. दिसतो फक्त वरचा. पैसे मात्र सर्वांचे आकारले जातात.

(२) वाचकाने उघडलेल्या पानाच्या मागे दुसरे पान गुपचूप उघडणे. वाचक ते पाहताक्षणी बंद करतो. विक्रेत्याच्या हिशेबी ती एक 'भेट' ठरते.

(३) क्लिक करणाऱ्यास पैशाचे, गुणांचे किंवा बक्षिसाचे आमिष दाखविणे. येथे माणूस खरा असतो, परंतु त्यास जाहिरातीतील मालाशी काही कर्तव्य नसते.

(४) मोबाईलच्या पडद्यावर 'बंद करा' या खुणेलगत बॅनर बसविणे, जेणेकरून बोट चुकून त्यावर पडावे.

(५) नामांकित वृत्तपत्राच्या संकेतस्थळाचे नाव सांगून प्रत्यक्षात भलत्याच ठिकाणी बॅनर दाखविणे. लंडनच्या फायनान्शियल टाइम्सला २०१७ मध्ये आढळून आले, की त्याच्या नावाने जागा विकणारे कित्येक जण बाजारात होते. त्या वृत्तपत्राशी मात्र त्यांचा काहीच संबंध नव्हता.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. इंटरनेटवर फिरणारी प्रत्येक स्वयंचलित आज्ञावली दुष्ट हेतूची नसते. गूगलसारखी शोधयंत्रे संकेतस्थळांची सूची करण्यासाठी अशाच आज्ञावली पाठवितात. प्रामाणिक नेटवर्क या भेटी हिशेबातून वगळते आणि तसे सांगतेही. त्याचप्रमाणे प्रत्येक लहान वा नवे नेटवर्क लबाड असते असेही नव्हे. अनोळखीपणा हा गुन्हा नाही. परंतु जेथे ओळख नाही, तेथे पडताळा असलाच पाहिजे.

स्वस्त आणि महाग यांचा हिशेब

समजा, काजू-कोकम विकणाऱ्या एका गटाने अनोळखी नेटवर्कला ६,००० रुपये दिले. दर हजारी ३० रुपये या दराने बॅनर २ लाख वेळा दाखविला गेल्याचा तक्ता मिळाला. त्यातून १,२०० क्लिक झाले, म्हणजे एका क्लिकची किंमत ५ रुपये पडली. महिनाअखेर वही पाहता या मार्गाने आलेल्या मागण्या केवळ २ निघाल्या. प्रत्येक मागणीमागे जाहिरातीचा खर्च ३,००० रुपये झाला.

त्याच गटाने दुसऱ्या महिन्यात परिसरातील ओळखीच्या संकेतस्थळावर २,००० रुपयांची जाहिरात दिली, असे धरू. तेथून अवघे ८० क्लिक आले. एका क्लिकला २५ रुपये पडले. परंतु त्यांतून ८ मागण्या नोंदल्या गेल्या. प्रत्येक मागणीमागे खर्च २५० रुपये झाला. क्लिकच्या दराने पाहिल्यास दुसरी जाहिरात पाचपट महाग होती. मागणीच्या दराने पाहिल्यास ती बारापट स्वस्त ठरली. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. हिशेबाची रीत मात्र प्रत्येक व्यवहारास लागू पडते. विक्रेता ज्या आकड्याची बढाई मारतो तो सोडून, ज्या आकड्यावर घर चालते तो पाहावा.

पैशापलीकडील हानी

जाहिरातीचे पैसे वाया जाणे हे नुकसान डोळ्यांसमोर येते. त्याखेरीज आणखी चार प्रकारची हानी संभवते.

पहिली हानी उत्पन्नाची. काही संकेतस्थळांना गूगलच्या अ‍ॅडसेन्स योजनेतून थोडेफार उत्पन्न मिळते. आपल्या पानावर येणारी वर्दळ खरी असावी, ही जबाबदारी या योजनेच्या नियमांनुसार संकेतस्थळाच्या मालकाची असते. बनावट वर्दळ विकत घेऊन ती अशा पानावर सोडल्यास खाते स्थगित वा बंद होऊ शकते आणि साठलेले उत्पन्नही रोखले जाऊ शकते. लहान वृत्त-संकेतस्थळांनी भेटींचा आकडा फुगविण्याच्या मोहापायी हा धोका पत्करू नये.

दुसरी हानी सुरक्षिततेची. "मोजणीसाठी हा कोड आपल्या संकेतस्थळावर बसवा" असे काही नेटवर्क सांगतात. तो कोड काय करतो हे मालकास ठाऊक नसते. त्याच्या आडून गिऱ्हाइकास भलत्या पानावर ढकलणे, त्याच्या मोबाईलमध्ये घातक आज्ञावली शिरविणे, किंवा त्याने भरलेली माहिती टिपून घेणे शक्य असते. गिऱ्हाईक विश्वास ठेवून आलेले असते ते मालकाच्या नावावर. दोषही त्याच नावास लागतो.

तिसरी हानी प्रतिष्ठेची. आपला बॅनर अश्लील, जुगाराच्या अथवा द्वेषमूलक मजकुराशेजारी झळकू शकतो. देवस्थानाच्या उत्सवाची, शाळेच्या प्रवेशाची किंवा महिला गटाच्या मालाची जाहिरात अशा पानावर दिसली, तर ती दिली नसती तर बरे झाले असते, असे म्हणण्याची पाळी येते.

चौथी हानी निर्णयाची, आणि ती सर्वांत खोल जाते. भेटी वाढल्याचे पाहून गट अधिक माल तयार करतो, डबे छापून घेतो, प्रसंगी कर्जही काढतो. आकडे पोकळ असल्यामुळे माल पडून राहतो. खोट्या मापाने केवळ जाहिरातीचा खर्च बुडत नाही. त्याच्या आधारावर केलेला पुढचा सारा बेत कोसळतो.

खरेदीपूर्वी घ्यावयाची दक्षता

(१) नेटवर्कचे नोंदणीकृत नाव, पत्ता, दूरध्वनी आणि भारतातील संस्था असल्यास वस्तू व सेवा कर नोंदणी क्रमांक मागावा. रीतसर पावती देण्यास जो तयार नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये.

(२) बॅनर कोणकोणत्या संकेतस्थळांवर दिसणार, त्यांची यादी लेखी घ्यावी. "आमच्या जाळ्यात हजारो संकेतस्थळे आहेत" हे उत्तर पुरेसे नाही.

(३) यादीतील मोठ्या संकेतस्थळांची पडताळणी करावी. आपली जागा विकण्याचा अधिकार कोणास आहे, हे जाहीर करणारी 'अ‍ॅड्स डॉट टीएक्सटी' नावाची उघडी सूची संकेतस्थळांनी ठेवावी, अशी पद्धत आयएबी टेक लॅब या संस्थेने २०१७ मध्ये सुरू केली. संकेतस्थळाच्या पत्त्यापुढे तिरपी रेघ देऊन हे नाव लिहिल्यास ती सूची कोणासही वाचता येते. तीत संबंधित नेटवर्कचे नाव नसल्यास संशयास जागा आहे. नाव असले, तरी त्यावरून केवळ विक्रीचा अधिकार सिद्ध होतो. येणारे वाचक खरे आहेत, हे सिद्ध होत नाही.

(४) जिल्हा, भाषा आणि वेळ निवडण्याची सोय आहे काय, ते पाहावे. डिचोलीतील खोली भाड्याने देणाऱ्यास दूरदेशीच्या दहा हजार क्लिकांपेक्षा बेळगाव, कोल्हापूर वा पुणे येथील शंभर वाचक अधिक उपयोगाचे असतात.

(५) सर्व रक्कम आगाऊ देऊ नये. आभासी चलनात किंवा एखाद्या व्यक्तीच्या खासगी खात्यात पैसे मागितल्यास व्यवहार तेथेच थांबवावा. बुडाली तरी सोसवेल एवढ्याच अल्प रकमेपासून आरंभ करावा.

(६) बनावट आढळलेल्या क्लिकांचे पैसे परत मिळतील काय व ते कोण ठरविणार, हे करारात स्पष्ट असावे.

शासकीय कार्यालये आणि अनुदानित संस्था यांच्या बाबतीत जाहिरातीचा पैसा सार्वजनिक असतो. अशा जाहिराती त्या त्या शासनाच्या माहिती खात्यामार्फत आणि विहित कार्यपद्धतीनेच द्याव्यात. केंद्र शासनाने यासाठी २०२३ मध्ये केंद्रीय संचार ब्यूरोचे डिजिटल जाहिरात धोरण मंजूर केले आहे. संदेशाद्वारे आलेल्या अनोळखी प्रस्तावास कार्यालयाने परस्पर होकार देऊ नये.

जाहिरात चालू असताना

येथे एकच नियम मुख्य आहे, आणि तो म्हणजे मोजणी स्वतः करावी. संकेतस्थळावर येणाऱ्यांची नोंद ठेवणारी विश्वसनीय साधने उपलब्ध आहेत. त्यांतील काही विनामूल्य आहेत. प्रत्येक जाहिरातीसाठी दुव्यास वेगळी खूण जोडावी, म्हणजे कोणता वाचक कोठून आला ते कळते. नेटवर्कचा तक्ता आणि आपली नोंद दररोज शेजारी ठेवून पाहावी. दोहोंत थोडा फरक राहणे स्वाभाविक आहे. परंतु तेथे १,००० क्लिक आणि येथे ३०० भेटी अशी तफावत असल्यास खुलासा मागावा.

पुढील खुणा आढळल्यास जाहिरात त्वरित थांबवावी : वाचक एक-दोन सेकंदांत पान सोडून जातात, कोणीही दुसरे पान उघडीत नाही, मध्यरात्री व दुपारी, दर तासाला जवळजवळ सारख्याच भेटी येतात, मराठी पानावर भाषेचा संबंध नसलेल्या देशांतून झुंबड उडते, असंख्य भेटी एकाच प्रकारच्या यंत्रावरून होतात, क्लिक पुष्कळ, परंतु दूरध्वनी एकही नाही. एखादी खूण योगायोगाने आढळू शकते. तीन-चार एकत्र आढळल्यास योगायोग मानू नये. सर्वांत साधा उपाय मात्र वहीचाच आहे. दूरध्वनी करणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकास "आपणास आमची माहिती कोठून मिळाली?" असे विचारून उत्तर टिपून ठेवावे. या वहीत कोणत्याही सर्व्हरला खोटी नोंद करता येत नाही.

फसवणूक झाल्यास

अपेक्षेइतकी विक्री न होणे ही फसवणूक नव्हे, हे प्रथम ध्यानात घ्यावे. परंतु पैसे घेऊन सेवाच न देणे, दुसऱ्याचे नाव सांगून जागा विकणे, कार्डाची माहिती चोरणे असे प्रकार झाल्यास विलंब करू नये. संदेश, करार, पावत्या, तक्ते आणि आपली नोंद जपून ठेवावी. बँकेस तत्काळ कळवावे. आर्थिक सायबर गुन्ह्यांसाठी १९३० हा राष्ट्रीय मदत क्रमांक असून, 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' या शासकीय संकेतस्थळावरही तक्रार नोंदविता येते. संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसविणे हा माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ६६-ड अन्वये गुन्हा असून, त्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. विक्रेता परदेशी असल्यास रक्कम परत मिळविणे अत्यंत कष्टाचे होते. म्हणून आगाऊ दक्षतेचे मोल येथे अधिक आहे.

इंटरनेटवरील जाहिरात हे साधन वाईट नाही. लहान गावातील उत्पादकास दूरच्या गिऱ्हाइकाशी जोडण्याचे सामर्थ्य त्यात निश्चितपणे आहे. परंतु पानावरून सरकलेली प्रत्येक सावली म्हणजे दारी आलेले गिऱ्हाईक नव्हे. गर्दी विकत मिळू शकते. गिऱ्हाईक मात्र चांगला माल, रास्त भाव आणि दिलेला शब्द पाळणे यांनीच टिकते. जाहिरातीवर रुपया खर्च करण्यापूर्वी त्याचे माप कोणाच्या हाती राहणार, हा प्रश्न प्रत्येक गटाने, संस्थेने आणि व्यावसायिकाने स्वतःस विचारावा. उत्तर "विकणाऱ्याच्या हाती" असे आल्यास तो रुपया गाठीस ठेवणे श्रेयस्कर होय.

अभ्यासप्रश्न

(१) बॅनरची किंमत आकारण्याचे तीन प्रकार कोणते? त्यांपैकी कोणत्या प्रकारात जाहिरातदाराचा धोका सर्वांत कमी असतो, व का?

(२) एका कुटुंबाने घरगुती निवासाच्या जाहिरातीसाठी दर हजारी ४५ रुपये दराने ४,५०० रुपये खर्च केले. त्यातून ३०० क्लिक व ३ नोंदण्या झाल्या. बॅनर किती वेळा दाखविला गेला? प्रत्येक क्लिकमागे व प्रत्येक नोंदणीमागे किती खर्च आला?

(३) 'मेथबॉट' व 'ईव्ह' या प्रकरणांतील पद्धतींत कोणता फरक होता? दुसरी पद्धत ओळखणे अधिक कठीण का होते?

(४) वृत्तपत्राच्या खपाची तपासणी करणारी संस्था आणि स्वतःच आकडे देणारे नेटवर्क यांची तुलना करा.

(५) आपल्या गावातील एखाद्या लहान व्यवसायासाठी 'गिऱ्हाइकास माहिती कोठून मिळाली' याची नोंदवही तयार करा आणि महिनाअखेर तिच्यावरून निष्कर्ष काढा.